रिकाम्या कलमांचा निकाल

गेल्या उन्हाळ्यात एका वसंत व्याख्यानमालेत नेपोलियनवर व्याख्यान होतं. वक्ते तयारीचे होते, सभागृह भरलेलं होतं. शेवटी प्रश्नोत्तरांत कुणीतरी, नेपोलियनने 1804 मध्ये परक्या राज्यातून उचलून आणून गोळ्या घालवल्या त्या आंगियाँच्या ड्यूकचा विषय काढला आणि वक्त्यांनी ते ठरलेलं वाक्य टाकलं : "तो गुन्ह्यापेक्षाही वाईट प्रकार होता, ती चूक होती!" टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले एक गृहस्थ तावातावाने उठले. "चूक कसली? मारेकरी दाराशी आलेले असताना पंचांग बघत बसायचं का?" त्यांनाही तेवढ्याच टाळ्या. मग एन्काउंटर, सीमेपलीकडचे शत्रू, 'असल्यांना कसला आलाय खटला', अशी गाडी नेहमीच्या रुळावर गेली आणि आभारप्रदर्शन झालं.

घरी येताना जाणवलं, की हे दोघे भांडत होते खरे, पण दोघांची वही एकच होती. एक म्हणत होता सौदा आतबट्ट्याचा झाला, दुसरा म्हणत होता फायद्याचा झाला. माणूस मारला तो कसा मारला, हे त्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ते चटकदार वाक्य कुणी नेपोलियनचा पोलीसमंत्री फुशे याच्या नावावर खपवतं, कुणी त्याचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याच्या, कुणी कायदेपंडित बुले द ला मर्थच्या. ते ज्या कुणाचं असेल त्याने दोनशे वर्षांच्या वाचकांचं नुकसानच केलं आहे. माझं म्हणणं साधं आहे. 21 मार्च 1804 च्या पहाटे पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्याच्या खंदकात जे झालं तो गुन्हा होता, आणि तो गुन्हा ठरण्यासाठी मारला गेलेला माणूस निर्दोष असण्याची, भला असण्याची, एवढंच काय, आपल्याला आवडण्याचीही गरज नाही.

कारण हा माणूस आवडावा असा फारसा नव्हताच. लुई आंत्वान आंरी द बूर्बाँ, जन्म 2 ऑगस्ट 1772, शाँतियीच्या महालात. बूर्बाँ राजघराण्याची कोंदे ही धाकटी पाती. सिंहासन कायम शेजारच्या घरी, यांच्याकडे जमिनी, शिकारीची रानं, रक्ताचा अभिमान आणि तलवार. घराण्याचा मूळ पुरुष पहिला कोंदे हा प्रॉटेस्टंट बंडखोरांचा पुढारी. 1560 साली त्याला देहदंड सुनावला गेला होता, पण नेमका राजाच वारला म्हणून वाचला. पुढे 1569 मध्ये झार्नाकच्या लढाईत पाय मोडून पडला, शरण आला, आणि शरण आल्यावर त्याला गोळी घातली गेली. त्याचा पणतू 'थोरला कोंदे'. याने एकविसाव्या वर्षी रोक्र्वाच्या लढाईत स्पॅनिश पायदळाचा कणा मोडला, आणि दहा वर्षांनी त्याच स्पेनच्या पदरी राहून फ्रान्सवर चालून आला. 1659 च्या तहानंतर त्याला माफी मिळाली, मानपान परत मिळाले, पुढे सैन्यही हाती दिलं गेलं. आपल्या ड्यूकच्या रक्तात काय होतं याची यावरून कल्पना यावी. राजाशी रुसायचं तर परक्याकडे जायचं, आणि तिथूनही स्वतःला फ्रान्सचा पुत्र म्हणवायचं.

1789 च्या जुलैत, फ्रेंच राज्यक्रांतीत, पॅरिसचा तुरुंग-किल्ला बास्तीय पडल्यावर चारसहा दिवसांतच आजोबा, वडील आणि हा सोळा वर्षांचा मुलगा देश सोडून गेले. आजोबांनी ऱ्हाईनकाठी परागंदा सरदारांची फौज उभारली. ती कधी ऑस्ट्रियाच्या पैशावर लढली, कधी रशियाच्या, कधी इंग्लंडच्या. नातू त्यात शौर्याने लढला, हे त्याचे शत्रूही कबूल करत. 1801 मध्ये फौज मोडली आणि तो बाडेन या छोट्या जर्मन राज्यात, स्ट्रासबूर्गपासून फार लांब नसलेल्या एटेनहाइम नावाच्या गावी जाऊन राहिला. तिथे शार्लोत द रोआँ होती, जिच्यावर त्याचा जीव होता. शिकार, बागकाम, एक कुत्रा, आणि इंग्लंडकडून येणारं मासिक वेतन. पुढे लढाई पेटलीच तर आपल्याला कामगिरी मिळेल, अशी आस. एकतीस वर्षांच्या, हाताला काम नसलेल्या राजपुत्राचं हे आयुष्य.

आता पॅरिसची बाजू. ती खरोखर भक्कम आहे, म्हणून ती आधी नीट मांडली पाहिजे. 24 डिसेंबर 1800 च्या संध्याकाळी रू सँ-निकेझ या रस्त्यावर राजनिष्ठ कटवाल्यांनी पिंपात दारू ठासून गाडी उभी केली होती. घोड्याचा लगाम धरायला त्यांनी रस्त्यावरची एक कोवळी पोर पैसे देऊन उभी केली होती. नेपोलियनची बग्गी निसटली, पोर मेली, तिच्याबरोबर आणखी माणसं मेली. हे करणाऱ्यांना 'राजनिष्ठ' हा गोंडस शब्द वापरायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. 1803 मध्ये इंग्लंडशी पुन्हा युद्ध पेटलं. ब्रिटिश जहाजांतून राजनिष्ठांचा म्होरक्या कादूदाल आपली माणसं घेऊन चोरून किनाऱ्यावर उतरला. सेनापती पिशग्र्यू पॅरिसात लपला होता, मोरोसारखा नावाजलेला सेनानी त्यांच्या भेटी घेत होता. पकडलेल्यांच्या जबान्यांतून एकच गोष्ट येत होती : राजघराण्यातला कुणी राजपुत्र येणार आहे, त्याची वाट बघतोय. मग हा राजपुत्र कोण? नकाशावर पाहिलं तर सरहद्दीला सगळ्यात जवळचा बूर्बाँ एटेनहाइमला बसलेला. त्यात हेरांचा अहवाल आला की फितूर सेनापती द्युमुरिए त्याच्याकडे मुक्कामाला आहे.

एवढं हाती असताना कुठलं सरकार स्वस्थ बसेल? मीही बसलो नसतो. ड्यूकने फ्रान्सविरुद्ध शस्त्र धरलं होतं हे खरं, शत्रूचा पैसा घेत होता हेही खरं. परागंदांना 1802 मध्ये जी सार्वत्रिक माफी दिली गेली तिच्यातून फौजांचे म्होरके वगळलेले होते, तेव्हा तिचाही आधार त्याला नव्हता. आणि 'राजाच्या नात्यातल्या थोरल्या कोंदेला माफ केलं, मग याला का नाही?' असं विचारणाऱ्यांना प्रजासत्ताकवादी माणूस सरळ सांगेल, की भाऊबंदांतली माफी हा राजेशाहीचाच रोग आहे, आम्ही तो बरा करायला निघालो होतो. हे उत्तर मला पटतं. पण मग त्या रोगावरचं औषध कायदा, की दुसऱ्या घराण्याची लहर?

15 मार्चला पहाटे फ्रेंच घोडेस्वार ऱ्हाईन ओलांडून परक्या, तटस्थ राज्यात शिरले आणि त्यांनी ड्यूकचं घर वेढलं. बाडेनच्या राज्यकर्त्याला रीतसर पत्र मिळालं ते माणूस उचलून नेल्यावर. एवढंसं बाडेन, शेजारी फ्रान्स! नुसतं मागितलं असतं तरी तिथलं दरबारी मंडळ 'नाही' म्हणण्याच्या स्थितीत नव्हतं. पण मागायचं म्हणजे कारण सांगावं लागतं, आणि कारण एव्हाना पातळ झालं होतं. घराची झडती घेतली तेव्हा द्युमुरिए कुठेच नव्हता. होता तो त्युमेरी नावाचा एक म्हातारा मार्की. जर्मन जिभेवर 'त्युमेरी'चा उच्चार असा काही झाला होता की ऐकणाऱ्याने त्याचा द्युमुरिए करून टाकला! आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. तिथे म्हणतात अक्षर मुद्दाम बदललं, इथे ते कानानेच बदललं. म्हणजे नेपोलियनला चूक कळण्याइतका पुरावा, ड्यूक पॅरिसला पोचायच्या आत, हाती होता. जप्त केलेल्या कागदांतही खुनाच्या कटाशी संबंध दाखवणारं काही निघालं नाही.

20 मार्चच्या संध्याकाळी बग्गी व्हँसेनला आली. दमलेल्या कैद्याने जेवण केलं, थोडं कुत्र्यालाही घातलं आणि झोपला. रात्री अकराच्या सुमाराला त्याला उठवून जबानी घेतली. इंग्लंडकडून महिन्याला दीडशे गिनी मिळतात, हे त्याने लपवलं नाही. पिशग्र्यूशी आपला संबंध नाही, हेही सांगितलं. जबानीच्या कागदावर सही करताना त्याने आपल्या हाताने लिहिलं, की मला पहिल्या कॉन्सलची, म्हणजे नेपोलियनची, खाजगी भेट हवी आहे. मध्यरात्रीनंतर सात लष्करी अधिकाऱ्यांचं मंडळ बसलं. वकील नव्हता, साक्षीदार नव्हता, दाराशी प्रेक्षक नव्हता. अध्यक्ष जनरल ह्युलँ, म्हणजे ज्या माणसाने 1789 मध्ये बास्तीयवर लोकांच्या पुढे राहून चाल केली होती तोच. खटल्याविना माणसं कोंडणाऱ्या किल्ल्याविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस आता दुसऱ्या किल्ल्यात बसून काय करत होता? त्याने पुढे 1823 मध्ये सांगितलं ते असं : निकाल झाल्यावर ड्यूकची भेटीची विनंती कळवण्यासाठी मी पत्र लिहू लागलो, तेव्हा खोलीतल्या एकाने (ह्युलँने नाव घेतलं नाही, पण तो नेपोलियनचा विश्वासू अधिकारी साव्हारी, असं मानलं जातं) माझ्या हातून लेखणी काढून घेतली आणि म्हटलं, तुमचं काम संपलं, आता पुढचं माझं.

त्या निकालपत्राची हकिगत तर डोळ्यांसमोरून हलत नाही. शिक्षा कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली, हे लिहायच्या ठिकाणी कोरी जागा सोडलेली आहे. कलम अमुक, कायदा अमुक तारखेचा. ते 'अमुक' मात्र भरलेलंच नाही. बहुधा त्या रात्री खोलीत कायद्याचं पुस्तकच नसावं. मागाहून दुसरं निकालपत्र तयार झालं, त्यात कलमं नीटनेटकी भरली. पण तोवर पहाटेचे तीन वाजून गेले होते आणि खंदकात आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात एकतीस वर्षांचा माणूस पुरून झाला होता. त्याने पाद्री मागितला, मिळाला नाही. केसांची बट आणि अंगठी शार्लोतसाठी काढून दिली. कुत्रा तिथेच घुटमळत होता.

याच व्हँसेनच्या रानात ओक वृक्षाखाली बसून, मध्ये चोपदार-भालदार न ठेवता, नववा लुई गोरगरिबांची गाऱ्हाणी ऐकत असे, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. सगळे बूर्बाँ त्याच लुईच्या धाकट्या मुलाचे वंशज. हा योगायोग काव्यात्म आहे म्हणून सोडून देऊ. पण दुसरा योगायोग सोडता येत नाही. क्रांतीच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाची तारीख 30 व्हाँतोझ, वर्ष 12. याच तारखेच्या कायद्याने फ्रान्सची नागरी संहिता, जिला पुढे नेपोलियनचं नाव मिळालं ती, एकसंध होऊन लागू झाली. पुढे युरोपभर तिचं वळण गिरवलं गेलं. पोर्तुगालची 1867 ची संहिताही त्याच वळणाची, आणि तिच्यातले वारसा व लग्नाचे नियम गोव्यात पोर्तुगीज गेल्यानंतरही चालत राहिले, म्हणजे मडगावच्या नोटरीच्या टेबलापर्यंत तिची सावली पोचते. जगाला कलमांचं पुस्तक देणारं राज्य आणि कलमांची जागा कोरी ठेवून माणूस मारणारं राज्य, दोन्ही एकाच दिवशी, चारदोन कोसांच्या अंतरावर. नेपोलियनचे भक्त पहिलं सांगतात, निंदक दुसरं. मला वाटतं दोन्ही एका दमात सांगितल्याशिवाय तो माणूस कळत नाही.

आता 'गरज होती' या मुद्द्याकडे. कादूदाल 9 मार्चलाच पकडला गेला होता. मोरो आणि पिशग्र्यू त्याच्याही आधी, फेब्रुवारीत. म्हणजे ऱ्हाईन ओलांडली तेव्हा कट पॅरिसच्या तुरुंगांत बंद होता, आणि तो पकडला होता पोलिसांनी, चौकशी करून, माग काढून. पुढे कादूदालवर उघड खटला चालला, वकील उभे राहिले, शिक्षा झाली, जूनमध्ये त्याची मान उतरवली. राज्य कोसळलं का? मोरोला न्यायाधीशांनी दोनच वर्षं दिली, नेपोलियन चरफडला आणि त्याला अमेरिकेला जाऊ दिलं. तरी राज्य कोसळलं नाही. मग ज्या न्यायालयाला प्रत्यक्ष मारेकऱ्यांचा म्होरक्या पेलवला, त्याला एटेनहाइमचा शिकारी का पेलवला नसता? एकच उत्तर सुचतं. पुरावा नव्हता, आणि सुटका होण्याचा धोका होता. 'गरज' या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

कुणी म्हणेल, त्यानंतर नेपोलियनच्या जिवावरचे बूर्बाँचे कट थांबले, हे तर खरं ना? बऱ्याच अंशी खरं आहे. याच्या उलट बाजूला मी रशियाचा संताप, नेपोलियनविरुद्धची 1805 ची युती वगैरे मांडू शकतो. झार अलेक्झांडरची राणी बाडेनच्या घरची. रशियाच्या दरबाराने सुतक पाळलं, निषेध पाठवला, आणि तालेराँने उत्तरात झारच्या बापाच्या खुनाची खपली काढली. पण हा मार्ग मी मुद्दाम धरत नाही. तो धरला की मी पुन्हा त्याच वहीत खर्डेघाशी करू लागेन. उद्या कुणी नव्या कागदपत्रांवरून सिद्ध केलं की व्हँसेनमुळे फ्रान्सचा निव्वळ फायदा झाला, तर काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?

खरा बोचरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो डावीकडून येतो. लाखो शेतकरी, शिपाई, गुलाम मेले त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, आणि एका राजपुत्रासाठी दोनशे वर्षं रडगाणं! लेखक शातोब्रियाँने या बातमीवर वकिलातीचा राजीनामा फेकला, त्याचं केवढं कौतुक. पण दोन वर्षं आधी, 1802 च्या जूनमध्ये, सँ-दोमँगमध्ये (आजच्या हैतीत) गुलामांच्या उठावाचा पुढारी तूसाँ लूव्हेर्त्यूर याला बोलणी करायला म्हणून बोलावून दगाफटक्याने पकडलं, जहाजात घालून फ्रान्सला आणलं, ज्युरा पर्वतातल्या फोर द झू किल्ल्यात डांबलं. खटला नाही, आरोपपत्र नाही. 7 एप्रिल 1803 ला तो थंडीने आणि आजाराने तिथेच मेला. त्याच्यासाठी कुठल्या दरबाराने सुतक पाळलं?

या आक्षेपापुढे मी मान तुकवतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला नेमका उलटा दिसतो. तूसाँच्या वेळी जो हात चालून गेला तोच व्हँसेनला चालला. आणि व्हँसेनला चाललेला पुढे कुणावर पडला ते पाहा. 1806 च्या ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्गचा योहान फिलिप पाल्म नावाचा पुस्तकविक्रेता, जर्मनीच्या मानखंडनेवरची एक निनावी पुस्तिका खपवली म्हणून, फ्रेंच लष्करी मंडळाने ब्राउनाउला गोळ्या घालून मारला. परकी हद्द, घाईचं मंडळ, बचावाला वकील नाही, सगळं तसंच. फक्त या खेपेला समोर राजपुत्र नव्हता, दुकानदार होता. गुलामांचा पुढारी, राजपुत्र, पुस्तकवाला : चार वर्षांत तिघे. राजपुत्राच्या वेळी 'बरं झालं, जळूच होती' म्हणणाऱ्याने पाल्मच्या वेळी कुठल्या तोंडाने बोलायचं? आणि याहीआधीची गोष्ट आहे. सँ-निकेझच्या स्फोटानंतर नेपोलियनने तडकाफडकी ठरवलं की हे जॅकोबिनांचं, म्हणजे क्रांतीतल्या जहाल प्रजासत्ताकवाद्यांचं काम. शेसव्वाशे जॅकोबिनांची यादी करून खटल्याविना हद्दपारी फर्मावली. पोलिसांनी काही आठवड्यांत खरे गुन्हेगार शोधले, ते निघाले राजनिष्ठ. यादीतली नावं मात्र तशीच राहिली. खटला म्हणजे आरोपीचे लाड असं वाटणाऱ्यांनी ही यादी उशाशी ठेवावी. खटला असतो तो माणूस बरोबर तोच आहे ना, एवढं तपासायला. त्युमेरी आणि द्युमुरिए यांतला फरक कळायला.

ह्युलँ आठवला की मला आपले रामशास्त्री आठवतात, आणि हे नुसतं अभिमानाने म्हणत नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर त्यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं, ही कथा आपण तीनचारशे भाषणांत ऐकली आहे. त्यात एक गोष्ट आपण गाळतो. शास्त्रीबोवांच्या निकालाने राघोबांना काहीही झालं नाही. शिक्षा अमलात आणायला त्यांच्याकडे शिपाई नव्हते. तरी निकाल निकाल राहिला, कारण त्याच्यात कोरी जागा नव्हती. ह्युलँच्या निकालाची अंमलबजावणी तासाभरात झाली, आणि पुढे वीस वर्षांनी तो म्हातारा, दृष्टी गेलेला, आपली लेखणी कशी हिसकावली गेली हे जगाला समजावत बसला होता.

राहता राहिला नेपोलियन. 1815 मध्ये त्याने ब्रिटिशांच्या जहाजावर पाय ठेवला. आपण पाहुणे म्हणून आलो आहोत आणि इंग्लंडच्या कायद्याचा आसरा मागतो आहोत, असं त्याचं म्हणणं. सेंट हेलेनाला पाठवणार हे कळल्यावर त्याने लेखी निषेध केला, की माझ्या पवित्र हक्कांचा भंग होतो आहे, बळजबरीने माझ्या देहाची आणि स्वातंत्र्याची विल्हेवाट लावली जाते आहे. त्याचं बरोबर होतं. कुठल्याच न्यायालयात त्याच्यावर खटला चालला नाही. त्याला कैदेत ठेवण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला तो 1816 मध्ये, तो बेटावर पोचून कित्येक महिने झाल्यावर. इथेही कलमं मागाहूनच भरली गेली.

त्याच बेटावर 1821 च्या एप्रिलमध्ये त्याने मृत्युपत्र केलं. त्यात आंगियाँच्या ड्यूकचा परिच्छेद आहे : फ्रेंच जनतेची सुरक्षा, हित आणि इभ्रत यांसाठी मी त्याला पकडवलं आणि त्याचा न्याय करवला, तशीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा तसंच करीन. खटल्याविना साडेपाच वर्षांची कैद भोगून झाल्यावर लिहिलेलं हे वाक्य आहे.